म्हैसूरचे रिकामे सभागृह आणि प्रशासकांचे राज्य

नोव्हेंबर २०२३ च्या मध्यास म्हैसूर महानगरपालिकेच्या निर्वाचित सभागृहाची पाच वर्षांची मुदत संपली. पासष्ट प्रभागांचे पासष्ट नगरसेवक घरी गेले, महापौरांची खुर्ची रिकामी झाली आणि राज्य सरकारने प्रादेशिक आयुक्तांना पालिकेचे प्रशासक नेमले. गाजावाजा झाला नाही. सभागृह बरखास्त केल्याचा हुकूम निघाला नाही, कुणावर गैरकारभाराचा ठपका ठेवला गेला नाही, कुणाला अटक झाली नाही. निवडणूक वेळेवर घेतली नाही, एवढेच काय ते झाले. त्यानंतर दोन वर्षे उलटली तरी मतदान झाले नव्हते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे नऊ लाख वस्तीच्या या शहराचा कारभार त्या सर्व काळात एका सरकारी अधिकाऱ्याच्या सहीने चालला.

या अधिकाऱ्याच्या मूळ जबाबदारीकडे प्रथम पाहिले पाहिजे. म्हैसूर महसूल विभागात म्हैसूर, मंड्या, हासन, कोडगू, चामराजनगर, चिक्कमगळूर, दक्षिण कन्नड आणि उडुपी असे आठ जिल्हे येतात. सह्याद्रीच्या कॉफीच्या मळ्यांपासून अरबी समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या या मुलुखाची देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यानेच म्हैसूरच्या एखाद्या गल्लीतील तुंबलेल्या गटाराचाही विचार करावा, अशी ही व्यवस्था आहे. सभागृह अस्तित्वात असते तेव्हा हेच प्रादेशिक आयुक्त महापौरांच्या निवडणुकीचे अध्यक्षस्थान भूषवितात. म्हणजे ज्याने लोकप्रतिनिधींची निवड नि:पक्षपणे पार पाडावयाची, त्याच्याच हाती लोकप्रतिनिधींचे सारे अधिकार सोपविण्यात आले. त्या अधिकाऱ्याची व्यक्तिगत सचोटी हा येथे मुद्दा नाही. तो कर्तबगार असेल, प्रामाणिकही असेल. तो कुणाला उत्तरदायी आहे, हा मुद्दा आहे.

एका सहीतील दोन सह्या

महानगरपालिकेच्या कायद्याची रचना एका साध्या तत्त्वावर उभी आहे. आयुक्त आणि त्यांचे खाते प्रस्ताव तयार करतात. सभागृह आणि स्थायी समित्या त्यांची छाननी करून मंजुरी देतात, बदल सुचवितात किंवा ते फेटाळतात. म्हैसूरमध्ये वार्षिक अर्थसंकल्प कर व अर्थविषयक स्थायी समितीचा अध्यक्ष सभागृहापुढे मांडतो. पाण्याची पट्टी का वाढली, अमुक प्रभागातील रस्ता का राहिला, कचरा उचलण्याचे कंत्राट याच कंत्राटदाराला का दिले, हे प्रश्न तेथे उघडपणे विचारले जातात आणि वृत्तपत्रांचे बातमीदार ते टिपून घेतात. प्रशासक येताच सभागृहाचे, स्थायी समित्यांचे आणि महापौरांचे अधिकार एकाच व्यक्तीत एकवटतात. सरकारचाच एक अधिकारी प्रस्ताव पाठवितो आणि सरकारचाच दुसरा अधिकारी त्याला संमती देतो. प्रश्न विचारणारा कुणी मध्ये उरत नाही.

मुंबईत तर हे दोन अधिकारीसुद्धा राहिले नाहीत. ७ मार्च २०२२ रोजी बृहन्मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवसापासून आयुक्त हेच प्रशासक झाले. अर्थसंकल्प मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. २०२५-२६ चा मुंबई पालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार ४०० कोटी रुपयांहून अधिक होता. देशातील काही लहान राज्यांच्या अर्थसंकल्पांनाही मागे टाकणारी ही रक्कम निर्वाचित प्रतिनिधींच्या एका शब्दाविना मंजूर झाली. रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची सुमारे सहा हजार कोटी रुपयांची कामे याच काळात देण्यात आली. सत्ताधारी आमदारांच्या मतदारसंघांना पालिकेचा निधी मिळतो आणि विरोधकांच्या मतदारसंघांना मिळत नाही, असा आक्षेप जाहीरपणे घेतला गेला. सभागृह असते तर या आक्षेपाची तड तेथे लागली असती. ते नसल्यामुळे आक्षेप आक्षेपच राहिला.

महाराष्ट्रातील वाचकांना या दुखण्याची ओळख करून देण्याची गरज नाही. औरंगाबाद आणि नवी मुंबई येथील पालिका २०२० पासून, तर पुण्याची मार्च २०२२ पासून प्रशासकांच्या हाती होती. इतर मागास वर्गांचे आरक्षण, प्रभागांची संख्या आणि प्रभागरचनेचा अधिकार या वादांत निवडणुका अडकल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला. ती मुदतही पाळली गेली नाही. न्यायालयाला ती ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून द्यावी लागली. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले तेव्हा मुंबईकराने नगरसेवकासाठी मागचे मत दिल्याला जवळजवळ नऊ वर्षे झाली होती. २०१७ मध्ये जो मुलगा नऊ वर्षांचा होता, तो मतदार झाला तेव्हा कुठे निवडणूक आली.

तारीख चुकविण्याची कला

राज्यघटनेत याविषयी संदिग्धता नाही. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षे ठरविली आणि त्याहून अधिक नाही असेही सांगितले. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मध्येच बरखास्ती झाली तर सहा महिन्यांच्या आत. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात आणि पुन्हा मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशाच्या प्रकरणात हेच बजावले की, प्रभागरचना किंवा तत्सम कारणे पुढे करून मुदत ओलांडता येणार नाही.

मग ही घटनात्मक तरतूद राज्य सरकारांना इतक्या सहजतेने कशी गुंडाळून ठेवता येते? कारण निवडणुकीच्या आधीची सारी दारे त्यांच्या ताब्यात आहेत. प्रभागांच्या सीमा कुणी आखावयाच्या, आरक्षणाची यादी केव्हा प्रसिद्ध करावयाची, हे सरकार ठरविते. यादीत चूक राहिली की कुणीतरी न्यायालयात जातो, स्थगिती मिळते, आणि सरकार साळसूदपणे म्हणते की, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. राज्य निवडणूक आयोग घटनेने स्वतंत्र आहे. पण प्रभाग आणि आरक्षण हाती आल्याखेरीज त्याला मतदानाची तारीख जाहीर करता येत नाही. स्वयंपाक्याला स्वतंत्र म्हणावयाचे आणि कोठाराच्या किल्ल्या मालकाने स्वत:कडे ठेवावयाच्या, असा हा प्रकार आहे.

कर्नाटकाचे उदाहरण अधिकच खेदजनक आहे, कारण विकेंद्रीकरणाच्या वाटेवर हे राज्य एके काळी पुढे होते. अब्दुल नझीरसाब यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये तेथे पंचायतराज कायदा संमत झाला आणि १९८७ मध्ये जिल्हा परिषदांच्या निवडणुका झाल्या. देशभरचे अभ्यासक तो प्रयोग पाहावयास जात. त्याच राज्यात २०१६ मध्ये निवडून आलेल्या जिल्हा व तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली. सरकारने कायद्यात दुरुस्ती करून मतदारसंघ आखण्याचे काम निवडणूक आयोगाकडून काढून घेतले आणि एका नव्या आयोगाकडे दिले. पुढे चार वर्षे लोटली तरी मतदान झाले नव्हते. बंगळूर महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. तिची निवडणूक कधीच झाली नाही. २०२५ मध्ये ती पालिकाच मोडीत काढून तिच्या जागी पाच महापालिका आणि त्यांच्यावर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण उभे करण्यात आले. पाच वर्षे सभागृहाविना चाललेली संस्था सभागृहाविनाच इतिहासजमा झाली.

म्हैसूरमध्ये शहराच्या विस्ताराची सबब याला जोडली गेली. शहरालगतच्या ग्रामपंचायती एकत्र करून २०२०-२१ च्या सुमारास हूटगळ्ळी नगरसभा आणि बोगादी, श्रीरामपुर, रम्मनहळ्ळी, कडकोळ या नगर पंचायती स्थापन झाल्या. ग्रामपंचायतीचा निर्वाचित सदस्य गेला. त्याच्या जागी नगरसेवक येण्याऐवजी प्रशासक आला. पुढे या सर्वांना सामावून घेणाऱ्या बृहत् म्हैसूरचा प्रस्ताव आला. शहर वाढणार, सबब सीमा बदलणार. सीमा बदलणार, सबब निवडणूक थांबणार. परंतु शहर तर रोजच वाढत असते. वाढत्या शहराला प्रतिनिधी नकोत, हा निष्कर्ष कोणत्या तर्कशास्त्रात बसतो?

पक्षांचे रंग, सत्तेचा स्वभाव

हे एका पक्षाचे पाप नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. बंगळूरची मुदत संपली तेव्हा राज्यात भारतीय जनता पक्षाचे सरकार होते. म्हैसूरची संपली तेव्हा काँग्रेसचे होते आणि मुख्यमंत्री सिद्धरामय्या हे म्हैसूर जिल्ह्याचेच. महाराष्ट्रात प्रशासक आले तेव्हा महाविकास आघाडी सत्तेवर होती. ते टिकले महायुतीच्या काळात. विरोधात असताना जो पक्ष लोकशाहीच्या नावाने कंठशोष करतो, तोच सत्तेवर येताच प्रशासकाच्या सोयी ओळखू लागतो. मुख्यमंत्र्याच्या दृष्टीने नगरसेवक हा अडचणीचा प्राणी आहे. अधिकाऱ्याची बदली करता येते.

सीमाभागातील मराठी जनतेने या हत्याराची धार फार पूर्वी अनुभवली आहे. बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात विलीन होण्याची मागणी करणारा ठराव केला म्हणून नोव्हेंबर २००५ मध्ये कर्नाटक सरकारने ती पालिका बरखास्त केली. १ नोव्हेंबर २०११ च्या काळ्या दिनाच्या कार्यक्रमात महापौर व उपमहापौर सहभागी झाल्यावर त्या वर्षाच्या अखेरीस पुन्हा तेच घडले. त्या वेळी निदान सरकारला कारण द्यावे लागले, टीका सोसावी लागली. मार्च २०१९ मध्ये बेळगावची मुदत संपली आणि सप्टेंबर २०२१ पर्यंत निवडणूक झाली नाही, तेव्हा कोणतेही कारण देण्याची गरज पडली नाही. बरखास्तीपेक्षा विलंब सोपा असतो, हा धडा सरकारांनी त्यातून घेतलेला दिसतो.

‘कार्यक्षमते’चा युक्तिवाद

प्रशासकांच्या बाजूने सुशिक्षित मध्यमवर्गात एक मत आढळते आणि त्याची उपेक्षा करून चालणार नाही. नगरसेवक भ्रष्ट असतात, कंत्राटदारांचे भागीदार असतात, सभागृहात गोंधळ घालतात. त्यापेक्षा शिकलासवरलेला सनदी अधिकारी बरा, असे हे मत आहे. म्हैसूरच्या २०१८ ते २०२३ च्या सभागृहाकडे बोट दाखवून कुणी असे म्हटले तर त्याला आधार नाही असे नाही. त्या निवडणुकीत भाजपला २२, काँग्रेसला १९ आणि जनता दलाला (सेक्युलर) १८ जागा मिळाल्या. कुणालाच बहुमत नव्हते. महापौराची मुदत एक वर्षाची असल्यामुळे दरवर्षी नवी जुळवाजुळव झाली, मैत्र्या जमल्या आणि मोडल्या. एका महापौरांनी उमेदवारी अर्जात संपत्तीचे चुकीचे विवरण दिले म्हणून २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांची निवडच रद्द ठरविली.

पण याच उदाहरणाचा दुसरा अर्थ पाहावा. लोकप्रतिनिधीला संपत्तीचे विवरण मतदारांपुढे ठेवावे लागते. ते खोटे निघाले तर हरलेला उमेदवार त्याला न्यायालयात खेचू शकतो आणि खुर्ची जाते. प्रशासकाविरुद्ध असा दावा कोणत्या मतदाराला करता येईल? शिवाय २०१५ आणि २०१६ मध्ये स्वच्छतेच्या राष्ट्रीय क्रमवारीत म्हैसूर देशात पहिले आले, तेव्हा शहरात निर्वाचित सभागृह कारभार करीत होते. तो मान पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्या पौरकार्मिकांचा होता. कर्नाटकात सफाई कामगारांना पौरकार्मिक म्हणतात. याच कामगारांनी जुलै २०२२ मध्ये राज्यभर संप केला, तेव्हा कुठे सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने ११,१३३ जणांना सेवेत कायम करण्याचा निर्णय घेतला. निर्वाचित सभागृहाच्या काळात शहर स्वच्छ राहू शकत नाही, या समजाला म्हैसूरनेच उत्तर दिले आहे.

नियुक्त मंडळे शुद्ध असतात, या समजालाही म्हैसूरमध्येच तडा गेला. १९०३ मध्ये तेथे शहर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. देशातील अशा आरंभीच्या मंडळांपैकी ते एक होते. त्याच्याच परंपरेत पुढे म्हैसूर नगरविकास प्राधिकरण आले. शहराची जमीन, भूखंड, वसाहती यांचे निर्णय या नियुक्त मंडळाकडे राहिले. जमीन गेलेल्यांना विकसित भूखंडांत निम्मा वाटा देण्याच्या योजनेवरून २०२४ मध्ये केवढे वादळ उठले आणि चौकशांचे किती फेरे सुरू झाले, हे सर्वज्ञात आहे. दोष कुणाचा, हे चौकशी यंत्रणा व न्यायालये ठरवतील. परंतु शहरातील सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे जमीन, आणि तिचे वाटप जेथे मतदाराची नजर पोहोचत नाही तेथे होत आले, एवढे निर्विवाद आहे.

कार्यक्षमता कुणासाठी, हा प्रश्न इतिहासाने यापूर्वीही विचारला आहे. दुसऱ्या साम्राज्याच्या काळात पॅरिसचा कारभार सम्राटाने नेमलेल्या ओसमान या प्रीफेक्टच्या हाती होता आणि नगरमंडळही नियुक्तच होते. त्याने रुंद राजमार्ग काढले, गटारे बांधली; त्याची कार्यक्षमता वादातीत होती. त्या राजमार्गांसाठी कामगारांच्या वस्त्या मात्र उठविल्या गेल्या आणि कामकरी माणूस शहराच्या कडेला फेकला गेला. मार्च १८७१ मध्ये पॅरिसच्या जनतेने स्वत:चे नगरमंडळ निवडले. मार्क्सने त्या कम्यूनच्या ज्या वैशिष्ट्यावर बोट ठेवले ते हे की, तिचे सभासद प्रभागांतून सार्वत्रिक मताने निवडलेले, जबाबदार आणि परत बोलावता येण्याजोगे होते. आमच्या काळाच्या जवळ यावयाचे तर लंडनचे उदाहरण आहे. बृहत् लंडन परिषद थॅचरबाईंच्या सरकारला विरोध करीत होती. ३१ मार्च १९८६ रोजी ती रद्द करण्यात आली. सबंध शहरासाठी निर्वाचित संस्था लंडनला पुन्हा मिळावयास २००० साल उजाडले.

म्हैसूरने पूर्वी पाहिलेले प्रशासक

म्हैसूरच्या मातीला प्रशासक नवे नाहीत. १८३० च्या नगर येथील शेतकरी उठावानंतर गैरकारभाराचे कारण पुढे करून ईस्ट इंडिया कंपनीने १८३१ मध्ये तिसऱ्या कृष्णराज वडेयरांच्या हातून राज्यकारभार काढून घेतला आणि आपले कमिशनर नेमले. हंगामी म्हणून आलेली ही व्यवस्था पन्नास वर्षे टिकली. मार्क कब्बन हे एकटेच १८३४ ते १८६१ पर्यंत त्या पदावर होते. रस्ते झाले, हिशेब नीट झाले. प्रजेला मात्र कुणी काही विचारले नाही. १८८१ मध्ये राज्य परत मिळाले, तेव्हा दिवाण रंगाचार्लू यांनी त्याच वर्षी म्हैसूरमध्ये प्रतिनिधी सभा भरविली. तिला अधिकार जवळजवळ नव्हते. सभासद आरंभी नियुक्त होते, निवडणूक आली ती १८९१ पासून. तरीही गावोगावची गाऱ्हाणी दिवाणासमोर मांडण्याची एक जागा निर्माण झाली. संस्थानी राजवटीत दिवाणाला ज्याची गरज वाटली, त्याची गरज प्रजासत्ताकातील सरकारांना वाटू नये, हा काळाचा उलटा प्रवास होय.

नियुक्त सभासदही कधी लोकांच्या बाजूने उभा राहतो, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुणे नगरपालिकेत सरकारनियुक्त सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी व्हाइसरॉयच्या स्वागतावर पालिकेचा पैसा उधळण्यास एकट्याने विरोध केला. पण जोतीरावांना विरोध नोंदविण्यासाठी सभागृह होते. आज एखादा जोतीराव उभा राहिला तरी त्याने कोणत्या सभेत उभे राहावे? म्हैसूरमध्ये ऑगस्ट २०१२ मध्ये लॅन्सडाऊन इमारतीचा भाग कोसळून माणसे दगावली, २०१६ मध्ये देवराज मार्केटचा भाग ढासळला. जुन्या इमारती दुरुस्त कराव्यात की पाडून नव्या बांधाव्यात, त्यात पिढ्यान्‌पिढ्या फुले, केळी, कुंकू विकणाऱ्या गाळेधारकांचे काय, हे प्रश्न एका फाइलीवरील शेऱ्याने सुटणारे नाहीत. त्यांच्यासाठी वाद घालणारे सभागृह लागते.

आणि सभागृह जाते तेव्हा सर्वांचे सारखे नुकसान होत नाही. उद्योगपतीला, बांधकाम व्यावसायिकाला प्रशासकाच्या दालनाचे दार ठाऊक असते; मंत्र्याचा दूरध्वनीही त्याच्या हाताशी असतो. झोपडपट्टीतील बाईला नळाला पाणी आले नाही तर ओळखीचे एकच दार असते, ते नगरसेवकाचे. नगरसेवक वाईट असला तरी पाच वर्षांनी तो तिच्या दारी येतो. महिला, दलित, आदिवासी यांच्यासाठी घटनेने राखलेल्या जागा सभागृहासोबतच नाहीशा होतात. जानेवारी २०२० मध्ये म्हैसूरला तस्नीम या पहिल्या मुस्लिम महिला महापौर मिळाल्या. अशी वाट फक्त निवडणुकीतून निघते.

हरण्याची तयारी

निवडणूक वेळेवर घेण्याची खरी कसोटी कोणती? पराभवाची शक्यता समोर असतानाही ती घेणे. केरळमध्ये १९९५ पासून दर पाच वर्षांनी स्थानिक संस्थांच्या निवडणुका होत आल्या. कोविडच्या ऐन साथीत, २०२० मध्ये, मुदत संपल्यानंतर सुमारे महिन्याभरात तेथे मतदान झाले. डिसेंबर २०२५ मध्येही ते झाले. त्यात सत्तारूढ डाव्या आघाडीची मोठी पीछेहाट झाली आणि राजधानी तिरुवनंतपुरमची महापालिकाही हातची गेली. पराभव कडू असतो. त्याची कारणे शोधावीच लागतील. परंतु प्रशासक नेमून तो पुढे ढकलला नाही, ही गोष्ट मान खाली घालण्याजोगी नाही. इतर पक्षांकडे वेळेवर निवडणुकांची मागणी करण्याचा नैतिक अधिकार अशाच आचरणातून मिळतो.

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. प्रभागरचना आणि आरक्षणाचा संपूर्ण अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडे द्यावा आणि ते काम मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी पूर्ण करण्याचे बंधन घालावे. ते झाले नाही तर आधीच्याच प्रभागांवर व आरक्षणावर निवडणूक घ्यावी. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने जुन्या आरक्षणानुसार पुढे जाण्याचा मार्ग दाखविलाच आहे. प्रशासक अपरिहार्य झालाच तर त्याला दैनंदिन कारभारापलीकडे अधिकार नसावेत: नवे कर, मोठी कंत्राटे, जमिनींचे व्यवहार आणि आराखड्यांतील बदल त्याच्या कक्षेबाहेर असावेत. जी सत्ता सोयीची आहे ती कुणी सोडत नाही. प्रशासकाची सोय कमी केल्याखेरीज निवडणुकीची घाई कुणालाही होणार नाही.

आणि या मागण्यांसाठी न्यायालयाच्या पायऱ्या पुरेशा नाहीत. सभागृह बंद असले तरी प्रभाग बंद झालेला नसतो. पाणी, कचरा, घरपट्टी, सफाई कामगारांचे वेतन या प्रश्नांवर प्रभागाप्रभागात नागरिकांच्या जाहीर सभा भरवाव्यात, प्रशासकाने मंजूर केलेल्या कामांची यादी माहितीच्या अधिकारात मिळवून ती चौकात वाचून दाखवावी, अर्थसंकल्पावर वस्तीत चर्चा करावी. पालिकेच्या सभागृहात जे प्रश्न विचारले जात नाहीत ते रस्त्यावर विचारले गेले, तर सभागृह उघडण्याची गरज सरकारलाच अधिक वाटू लागेल. १८३१ मध्ये हंगामी म्हणून आलेले कमिशनर पन्नास वर्षे राहिले, कारण त्यांना जा म्हणणारी संघटित प्रजा नव्हती. आज ती आहे, आणि तिच्या हाती मत आहे. ते वेळेवर वापरू द्या, ही मागणी म्हैसूरपासून मुंबईपर्यंत एकाच आवाजात उठली पाहिजे.